त्सोनाच्या चौदा वह्या

त्सोना काम्बुरोवाचं नाव आमच्या शब्दकोशात कुठेही नाही. अकरा खंड निघाले. प्रत्येकात सुरुवातीची दोन पानं नुसती नावांची. त्यातले निम्मे महाभाग कार्यालयाचा जिनासुद्धा कधी चढले नव्हते.

सोफियातल्या त्या कार्यालयात त्सोना चिठ्ठ्या लावायची. खेड्यापाड्यांतले मास्तर लोकांच्या तोंडचं एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत, खाली गावाचं नाव. ती चिठ्ठी शब्दाप्रमाणे नेमक्या खोक्यात घालायची, एवढंच तिचं काम. एकतीस वर्षं तिने ते केलं. मी शेजारच्या टेबलावर टाइपिस्ट.

पण बाईला वाचायची खोड. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की लांबलांबच्या खोक्यांतले शब्द एकमेकांचे सोयरे आहेत.

"पेन्का, इकडे ये गं," ती हाक मारायची. "ही 'उंबरठा'ची चिठ्ठी. डोंगराकडची म्हातारी म्हणते, तो ओलांडला नि वर्षभर मला कुणी नावाने हाक मारली नाही. आणि ही 'कणीक'. ही बाई पार समुद्राकडची. म्हणते, सासरी पहिले सहा महिने मी कणकेशीच बोलले."

"मग?"

"मग काय मग! जुन्या काळी सासऱ्याने परवानगी दिल्याशिवाय नव्या सुनेने तोंड उघडायचं नाही. 'सून' शब्दाखाली कोशात यातलं एक अक्षर नाही. ते सगळं उंबरठ्यात नि कणकेत जाऊन बसलंय."

अशा जोड्या ती जेवणाच्या सुट्टीत वहीत लिहायची. एका हातात पाव-चीज, दुसऱ्या हातात पेन्सिल. चौदा वह्या भरल्या.

आमचे विभागप्रमुख दाचेव. माणूस गोडबोल्या. वह्यांचा सुगावा लागल्यावर स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले. "त्सोना, हे छापायला हवं. मी जरा शास्त्रीय भाषेत बसवतो. पुस्तकावर तुमचं नाव माझ्या शेजारी."

त्या संध्याकाळी घरी नेऊन तिने मला राकिया, जर्दाळूची दारू, पाजली. "शेजारी नको गं, खाली असलं तरी चालेल," ती म्हणाली. "बारीक अक्षरात. पण छापील. आमच्या घराण्यात कुणाचं नाव छापून आलेलं नाही." एवढीच तिची हौस. मोठी होती का?

ते पुस्तक मीच टाइप केलं, तिच्या वह्यांवरून, तिच्या अक्षरावरून. उंबरठा तोच, कणीक तीच. मध्ये मध्ये दाचेव साहेबांनी जड शब्द पेरले होते.

पुस्तक आलं. वर एकच नाव. प्रस्तावनेत बायकोचे आभार, तिच्या सोशिकपणाबद्दल. त्सोनाने प्रस्तावना तीनदा वाचली. मग मागची पानंही चाळली, चुकून तिकडे गेलं असेल म्हणून. ते मला बघवलं नाही.

ती एकदाच भडकली. कार्यालयाच्या बैठकीत उभी राहिली. "हे माझं आहे. पेन्काला विचारा. तिने माझ्या वह्यांवरून टाइप केलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाचेवनीही, अगदी प्रेमाने.

तेव्हा कार्यालयातर्फे मिळणाऱ्या फ्लॅटच्या यादीत माझा चौथा नंबर होता, आणि यादीवर सही दाचेवची. सासूच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं राहत होतो. मी म्हणाले, "माझ्याकडे रोज ढीगभर कागद येतात. कशावरून काय टाइप केलं, मला आठवत नाही."

त्सोना खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चिठ्ठ्या लावू लागली. माझ्याशी बोलायची, "खिडकी लाव" किंवा "दोरा आहे का" एवढंच. मला फ्लॅट मिळाला. तिसरा मजला, दोन खोल्या, उन्हाच्या बाजूला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नऊ वर्षांनी ती गेली. जवळचं कुणी नव्हतं, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे दारावर लावायचा, फोटो असलेला मृत्यूचा कागद कार्यालयानेच काढला. मजकूर दाचेवनी सांगितला, मी टाइप केला : "विश्वासू, कष्टाळू सहायिका." फोटोखाली तिचं नाव जाड अक्षरात. हौस फिटली बाईची.

चाळिसाव्या दिवशी दुसरा कागद लावायचा असतो. तो कार्यालय विसरलं. मी मात्र विसरले नाही. सगळ्यांच्या आधी येऊन मी माझा कागद कार्यालयाच्या दाराला चिकटवला : "त्सोना काम्बुरोवा. शब्दांच्या सोयरिकी हिने शोधल्या. पुस्तक हिचं आहे." आयुष्यात पहिल्यांदा मला जरा हलकं वाटलं.

नऊला दाचेव आले. चष्मा लावून सगळा कागद वाचला. रागावले नाहीत, फाडलाही नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "कुणी लावला हा, पेन्का?"

तेव्हा यादी नव्हती, फ्लॅट मिळालेला होता, वर्षभरात माझं पेन्शन सुरू होणार होतं. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं.

"माहीत नाही, साहेब," मी म्हणाले. "मी आत्ताच आले."