काजळमठ, भाग पहिला

पहाटेचे पाच वीस झाले होते. तारानं वडिलांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, खाटेशेजारी समई लावली आणि चौरंगावरचं पुस्तक उघडलं. नरसी नामदेव गावातल्या या घरात रोज याच वेळेला पोथी वाचतात. तिचे वडील विष्णुपंत देवळाच्या सेवेत होते तेव्हा स्वतः वाचायचे. लकवा झाल्यापासून तारा वाचते आणि ते ऐकतात. निदान ती तसं समजत होती, कारण सात महिन्यांत त्यांच्या तोंडून आवाज निघाला नव्हता.

आदल्या दिवशी तिनं हिंगोलीच्या एका वाचनालयातून नवी पोथी आणली होती. तिथे फाटकी पुस्तकं सगळी एकाच लाल रेक्झिनमध्ये बांधतात, आणि पाठीवरची अक्षरं वर्षभरात पुसून जातात. बस सुटायच्या घाईत तारानं हाताला आलेलं पुस्तक न उघडताच पिशवीत टाकलं होतं.

तिनं नमस्कार केला आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं.

‘मठात आणलेल्या मुलीला आधी अंधारात चालायला शिकवत, मग माणूस मारायला.’

तारा थांबली. मागचं पान उलटून नाव पाहिलं. ‘काजळमठ, भाग पहिला.’ मारेकऱ्यांच्या मठाची गोष्ट, कुठल्याशा इंग्रजी मालिकेचा अनुवाद. ती पुस्तक मिटणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“हं.”

“अण्णा? वाचू पुढं?”

“हं.”

“का पोथी आणू दुसरी?”

विष्णुपंतांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेव्हापासून त्यांच्यात भाषा ठरली. हुंकार म्हणजे हो, मिटलेले डोळे म्हणजे नाही.

तारानं त्याच सकाळी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. अण्णा बोलायला लागले, म्हणाली. फिजिओथेरपीसाठी नांदेडला न्यायचं का, तेही विचारलं. ती एकोणपन्नास वर्षांची आहे, लग्न मोडून माहेरी आली त्याला वीस वर्षं झाली. आनंदाची बातमी कुणाला कळवायची वेळ तिच्यावर त्यानंतर आली नव्हती.

समईपुढं सुरू केलेलं वाचन अर्ध्यावर सोडायचं नाही, ही विष्णुपंतांनीच घालून दिलेली शिस्त. त्यामुळे काजळमठ रोज एक प्रकरण पुढं सरकत राहिला. मठातला म्हातारा वस्ताद त्या मुलीला सुरी धरायला शिकवी, श्वास आवरायला शिकवी. शेजारची नजमा सकाळी सातला विष्णुपंतांची कूस बदलायला मदत म्हणून यायची, ती हल्ली लवकर येऊन उंबऱ्यावर टेकू लागली.

“काय ताराबाई, देवाच्या माणसाला खूनखराबा ऐकवून राहिल्या व्हय?”

“त्यांनाच पाहिजे.”

“मंग वाचा की. कालच्याला त्या सरदाराचं काय झालं?”

शेवटच्या प्रकरणात वस्ताद म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, त्याला बोटही हलवता येईना. मठाचा नियम असा, की निकामी झालेल्याला त्याच्याच शिष्यानं संपवायचं. मुलगी सुरी घेऊन त्याच्या दाराशी उभी राहिली. तिथं पुस्तक संपलं.

तारा त्याच दिवशी हिंगोलीला गेली. वाचनालयातल्या पुष्करनं मान हलवली.

“पुढचा भाग न्हाई, काकू. मालिका पाच भागांची हाय, पण मराठीत एवढाच आला. खपलाच न्हाई.”

“मग इंग्रजीतला?”

“मागवता येईल. वाचता येईल का तुमाला?”

तारा दहावी नापास आहे. ती तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला आणि मनानंच रचून गोष्ट पुढं सांगितली. मुलीनं सुरी फेकून दिली, वस्तादाला पाणी पाजलं. विष्णुपंतांनी डोळे मिटले. त्याच्या पुढच्या सकाळी मुलीनं वस्तादाला पाठीवर घेऊन मठातून पळ काढला, दूर गावी एक वैद्य भेटला, वस्तादाचे हात हलू लागले. डोळे मिटलेलेच. ताराला वाटलं, आपल्याला सांगता येत नाही म्हणून.

“अण्णा, मग काय होतं, तुम्हीच सांगा.”

नजमा तेव्हा त्यांच्या पाठीखाली हात घालत होती. पडून पडून कंबरेखाली झालेली जखम पुन्हा ओली झाली होती. ती सहज बोलून गेली, “मारू द्या की त्याला. त्यो बिचारा वाटच पाहून राहिला न्हाई का दाराकडं?”

“हं,” विष्णुपंत म्हणाले. एवढा मोठा हुंकार त्यांनी आजवर दिला नव्हता.

नजमाचे हात थांबले. विष्णुपंत तिच्याकडे बघत नव्हते, ताराकडे बघत होते. पहिल्या दिवसापासूनचे सगळे हुंकार कशासाठी होते, ते ताराला तेव्हा कळलं.

“या अल्ला,” नजमा पुटपुटली. “ताराबाई, मी आपलं असंच बोलले.”

“धरा नीट. जखम घासतीय.”

दोघींनी त्यांना उजव्या कुशीवर केलं. तारानं जखमेला मलम लावलं, मग पेज आणली. विष्णुपंतांनी ओठ मिटून घेतले. ती चमचा धरून बसली, पेजेवर साय धरली. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “मला जमणार नाही, अण्णा. तोंडानं म्हणायलासुद्धा जमणार नाही.”

दुपारी नांदेडहून मावसभावाचा फोन आला. अण्णा आणखी काय काय बोलतात, त्यानं उत्साहानं विचारलं. तारा म्हणाली, काही नाही.

ओठ संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. उद्या सकाळी सातला नजमा येईल. उद्या डावी कूस आहे.