खंडाचा दिवस

वर्षातून एक दिवस डॉ. मंगल आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयात यायची आणि स्वतःच्या खुर्चीवर बसायची नाही. बाहेर, अर्ज घेऊन येणाऱ्या लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसायची. कंत्राटी माणसाला अकरा महिन्यांचा आदेश मिळतो, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवा आदेश. त्या एका दिवसापुरता तो सरकारचा कोणीही नसतो. पहिल्या वर्षी मी तिला म्हणाले, "अगं, घरी झोप की निवांत." तर म्हणाली, "साथीला कुठं खंड असतोय, ताई? आज मी कोण नाय, पण बाकावर तर बसू द्या."

ते आदेश आस्थापना शाखेत मीच टाइप करायची. माझी नोकरी कायम आणि बुद्धी बेताची. तिच्याकडे आयुर्वेदाची पदवी आणि वर सार्वजनिक आरोग्याची, तीही कर्ज काढून, परराज्यात राहून घेतलेली. देवाचा हिशेब मला कधी कळला नाही.

सिल्लोडकडची ती. गावात दवाखाना थाटला असता तर रांग लागली असती. पण तिचं आपलं एकच पालुपद: "जुलाब पोटात शोधून काय मिळायचंय? पाण्याच्या वाटंवर शोधा." साथीच्या गावात गेली की आजाऱ्याआधी नळाची तोटी आणि हापशाचा ओटा बघायची. आमच्या घरी प्रथम आली तेव्हा माझ्या माठातही वाकून पाहिलं आणि लांब दांड्याचं ओगराळं घ्या म्हणून बजावलं. मला राग आला होता. ओगराळं मात्र दुसऱ्याच दिवशी आणलं.

तिच्या पगाराचा मोठा वाटा हप्त्यात जायचा. कर्जाला थोरल्या भावाचा सिल्लोडमधला प्लॉट तारण होता. त्याला तिथं घर बांधायचं होतं. दिवाळीला जाऊन आली की म्हणायची, "वहिनी काहीच बोलत नाय, ताई. गरम पोळी वाढते. तेच लई जड जातंय." खासगी दवाखान्यात जा, असं मी तिला किती वेळा सांगितलं. "तिकडं गेले तर कर्ज फिटंल, पण मग शिकले कशाला? अन् इथं राहिले तर शिकल्याचं फेडू कसं?" एवढं बोलून ती हसायची.

तशात माझ्या लेकीने, नेहाने, तोच सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करायचा हट्ट धरला. प्रवेश मिळाला, आणि बँकेला सहकर्जदार म्हणून माझी सही हवी होती. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी सही करेना, ती धड जेवेना. शेवटी मी मंगललाच गळ घातली, "तू समजाव, तुझं ऐकेल." त्या वर्षीचा तिचा खंडाचा दिवस आला तेव्हा मी रजा टाकली आणि तिला सिडकोतल्या आमच्या घरी जेवायला घेऊन आले.

मंगलने हातचं काही राखलं नाही. फी, व्याज, हातात पडणारा पगार, खोलीभाडं, सगळं वरणभात कालवता कालवता मांडलं. "पैशाचं विचारशील तर नको घेऊ," ती नेहाला म्हणाली. "हप्ता बारा महिने येतोय अन् आदेश अकराच महिन्यांचा. मेळ बसत नाय, बाई." नेहा मान खाली घालून ऐकत होती. मी मनातल्या मनात देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात मंगलचा फोन वाजला. दौलताबादजवळच्या एका वस्तीवरची आशाताई बोलत होती. चार-पाच घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. "आज माझी नेमणूक नाय, साहेबांना कळव," असं म्हणून मंगलने फोन ठेवला. एक घास घेतला. मग उठलीच. "नळाचं पाणी पिऊ नका, एवढं तरी कोणी सांगायला पाहिजे." ती गाडी काढत होती तोवर नेहा मागे जाऊन बसली. मला कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी दोघी परतल्या त्या चिखलाच्या चपलांनी. पाण्याची पाइपलाइन गटारातून गेली होती आणि ती फुटलेली जागा नेहाला दिसली होती. हात धुतानाही तिचं सांगणं चालूच होतं, कोणत्या घरात कोण आजारी, कोणाचा नळ कुठून येतो. इतकं भडाभडा बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मंगल दारातच उभी राहिली. "तुम्ही मला हिला अडवायला बोलावलं होतं, ताई," ती हळूच म्हणाली, "अन् मीच घेऊन गेले." तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पुढच्या आठवड्यात मी बँकेत जाऊन सही केली.

नेहाचं शिक्षण संपायच्या आतच मंगल ज्या प्रकल्पावर कंत्राटी होती, तोच बंद पडला. खंडाचा दिवस आला, पण टाइप करायला माझ्याकडे आदेशच आला नाही. आठवडाभर ती रोज येऊन बाकावर बसली. मग भावाचा प्लॉट सोडवायचा म्हणून सिल्लोडच्या एका खासगी दवाखान्यात लागली. निरोप घेताना म्हणाली, "तिथंबी पेशंटला पहिलं पाणीच विचारीन." ती गेल्यावर मी तो बाक आत घ्यायला लावला होता. लोकांनी कुरकुर केली, तेव्हा परत बाहेर ठेवला.

आता मी निवृत्त आहे. नेहा दुसऱ्या जिल्ह्यात तशाच अकरा महिन्यांच्या आदेशावर नोकरी करते, आणि माझ्या पेन्शनचा काही भाग तिच्या हप्त्याला जातो. परवा भर दुपारी तिचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ऑफिसात आहेस का गं?" मी विचारलं.

"आहे, पण बाहेर," ती म्हणाली. "बाकावर बसलेय, आई."