वहिनीचा पेपर आणि गंध लावलेला कॉम्प्युटर

आमच्या वहिनीची बोटं कधी स्वस्थ बसत नाहीत. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती मांडीवर टायपिंग करते. खरंच! तिकडे बाई बातमी सांगते आणि इकडे वहिनीची बोटं तीच वाक्यं मांडीवर उमटवत जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हिला काहीतरी होतंय. विचारलं तर लाजली. "सवय आहे गं ताई. सटाण्याला क्लास होता ना माझा." ती माझ्याहून मोठी, पण नणंद म्हणून मला ताई म्हणते आणि मी तिला बिनधास्त अगं-तुगं करते.

मीपण फास्ट टाइप करते, पण मोबाइलवर, दोन अंगठ्यांनी, आणि निम्मे शब्द चुकीचे. वहिनीचं वेगळंच. लग्नाआधीच ती मराठी टायपिंगच्या परीक्षा पास झालेली. आणि मग आली कुठे, तर आमच्या मळ्यात. गंगापूर रोडने शहर मागे पडलं की आमचं शेत लागतं, झेंडू आणि शेवंतीचं. तिच्या त्या बोटांनी फुलं तोडायची आणि क्रेट भरायचे. ती कुरकुर करायची नाही, हे मला जास्त लागायचं.

गेल्या हिवाळ्यात तिला एक काम दिसलं. जुने हाताने लिहिलेले मराठी कागद स्कॅन करून पाठवणार, ते घरी बसून टाइप करून द्यायचे. त्याआधी ऑनलाइन परीक्षा. अट एकच, मोबाइल चालणार नाही, कॉम्प्युटर पाहिजे. आणि परीक्षा एकदाच, दिलेल्या दिवशी दुपारी तीन वाजता. चुकली तर चुकली.

मला आणि दादाला सोडून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मागे एकदा ती शहरात एका ऑफिसात नोकरीसाठी जाऊन आली होती, झालं नाही, तर आमच्या काकू कितीतरी दिवस तिला "काय ऑफिसवाली, आज भाकरी थापायची का फाइल?" असं म्हणायच्या. काकू वाईट नाहीत हं, पण तोंडाला लगाम नाही. त्यामुळे वहिनीचं म्हणणं, आधी पास होते, मग सांगते.

आता गंमत बघा. इंटरनेट काकूंच्याच घरी! काकांचं घर अंगणापलीकडे, वायफाय तिथे, आणि मळ्यात मोबाइलला रेंज नाही म्हणून आम्ही खिडकीजवळ उभं राहून तेच वापरतो. कॉम्प्युटर मात्र आमच्या मागच्या खोलीत. दादाच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला, जाड काळा सीपीयू, वर जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर. सुरू होतो, पण वायफाय म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही. सरळ उचलून काकूंच्या हॉलमध्ये न्यायचा असं मी सुचवलं, तर वहिनीने डोळे मोठे केले. म्हणजे काकूंनाच आधी कळायचं!

म्हणून मी शहरात जाऊन वायफायचं डोंगल आणलं. नखाएवढी वस्तू. दुकानदाराने विचारलं, "कॉम्प्युटर किती जुना?" मी म्हटलं, बराच. तो म्हणाला, "मग डोंगलबरोबर अगरबत्तीपण घेऊन जा." मी हसले. तो किती खरं बोलला होता ते पुढे कळलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच आम्ही बसलो. दादा फुलं घेऊन मार्केटला, आई माहेरी, बाबा शेतात. डोंगलबरोबरच्या छोट्या सीडीत ड्रायव्हर होता, म्हणजे कॉम्प्युटरला या नव्या पाहुण्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम. सीडीचा खण उघडेना, सेफ्टी पिन घालून उघडला. प्रोग्रॅम टाकला. डोंगल पुढच्या बाजूला घातलं.

काहीच नाही.

काढलं, परत घातलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून सगळी बटणं दाबली. मागच्या बाजूला लावून बघितलं तर लगेच दिवा लागला! मी ओरडलेच. पण मागे भिंत आणि शेजारी लोखंडी कपाट, त्या सांदीत काकूंचं वायफाय पोचेना. सिग्नलची एक कांडी यायची आणि जायची. कपाट धान्याने भरलेलं, दोघींना हलेना. सीपीयू फिरवावा तर वायरी पुरेनात. पुढची बाजू बरोब्बर खिडकीसमोर, आणि तीच मुकी.

"राहू दे ताई," वहिनी म्हणाली. "नशिबात नसेल."

"नशीब कसलं? हे मशिन आहे!" मी चिडून डोंगल उपटलं. आणि बघते तर काय, त्याच्या चकचकीत तोंडाला पिवळं लागलेलं. बोटाने पुसलं. वास घेतला.

हळद!

मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं. पुढच्या दोन्ही भोकांत हळदकुंकवाचा सुकून दगड झालेला थर, आणि एकात चक्क झेंडूची पाकळी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग खालीच बसलो हसून हसून. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, सगळ्यांची पूजा होते, आणि बाबा कॉम्प्युटरला कधीच विसरत नाहीत. घरच्या झेंडूचा हार, आणि पाण्यात कालवलेलं गंध. दर वर्षी, त्याच जागी.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आत आले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही गंध नेमकं इथेच का लावता हो?"

"मग कुठे लावू? वरती आहे, मधोमध आहे. कपाळच ते त्याचं."

"अहो, ते कपाळ नाही, कान आहेत! बहिरा केलात त्याला!"

"बहिरा असेल, पण जिवंत आहे ना? बाकीच्यांचे कॉम्प्युटर कधीच भंगारात गेले," असं म्हणून ते तांब्या ठेवून निघून गेले.

कॉम्प्युटरची वायर काढून वहिनीने साफसफाई हातात घेतली. पिनेच्या टोकाला कापूस गुंडाळून, श्वास रोखून, कणाकणाने. मला ते जमलंच नसतं, मी पहिल्या मिनिटात काहीतरी तोडलं असतं. तिने एक भोक असं चकाचक केलं की आतल्या पट्ट्या चमकायला लागल्या. डोंगल घातलं. निळा दिवा! खिडकीतून काकूंचं वायफाय आलं, पूर्ण कांड्या.

"लागनं! लागनं व माय!" वहिनी एरवी आमच्यासारखं बोलते, पण आनंद झाला की तिच्या माहेरची अहिराणी बाहेर येते.

पान तरीही उघडेना. सारखी धोक्याची सूचना. आता काय? तर कोपऱ्यात तारीख. आतला सेल मेल्यामुळे कॉम्प्युटर इतकी वर्षं मागे राहिला होता की त्याच्या हिशोबाने माझी दहावीपण व्हायची होती. तारीख बरोबर केली आणि परीक्षेचं पान धाडकन उघडलं. अडीच वाजत आले होते.

आणि स्क्रीन काळी झाली.

परत बटण दाबलं, तर सुरूच होईना. तोवर मला बाहेर विहिरीवरच्या मोटरची घरघर ऐकू आली. मोटर चालू झाली की आमच्याकडे दिवे मंद होतात, पंखा दमतो. एवढ्या झटक्याने हा म्हातारा थेट बंद पडला होता. त्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारचीच, त्यामुळे बाबा आणि काका आळीपाळीने तेव्हाच पाणी भरणार. पेपर चालू असताना कुणी मोटर चालू केली की संपलं.

मी म्हटलं, "मी जाऊन सांगते बाबांना." काय कारण सांगायचं ते मी मनात जुळवतसुद्धा होते.

"नको," वहिनी म्हणाली. "माझं आहे, मी सांगते."

ती उठली, पदर नीट केला आणि अंगणात गेली. सासऱ्यांना ती मामा म्हणते, पण समोर उभं राहून काही मागितलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चहा हवा का, जेवायला वाढू का, एवढंच बोलणं.

"मामा, मोटर तासभर बंद ठेवता येईल का?"

"आत्ता? अगं, शेवंती सुकायला लागलीये. लाइट जाईल परत."

"माझा पेपर आहे तीनला. कॉम्प्युटरवर. मोटर चालू झाली की तो बंद पडतो."

"कसला पेपर?"

मग तिने सगळं सांगितलं. खाली न बघता, सरळ. नापास झाले तर झाले, पण द्यायचाय, असंपण म्हणाली. बाबांनी मागच्या खोलीकडे बघितलं.

"आपल्या कॉम्प्युटरवर?"

"हो."

बाबांनी जाऊन मोटर बंद केली आणि अंगणातल्या स्टार्टरच्या पेटीसमोर क्रेट पालथा घालून त्यावर बसले. "जा. कुणी हात लावत नाही."

कॉम्प्युटर चालू केला, तारीख परत बरोबर केली आणि पेपर सुरू झाला. मी दारात बसले, आत वहिनी, बाहेर बाबा, दोघं दिसतील अशी. आणि मी तुम्हाला काय सांगू! तो जुना खटखट करणारा की-बोर्ड, आणि त्यावर तिचे हात. एकदाही खाली बघितलं नाही. डोळे स्क्रीनवरच्या त्या वेड्यावाकड्या जुन्या अक्षरांवर आणि बोटं आपली चालली आहेत, एका लयीत, ना घाई ना अडखळ. इतके दिवस मी हे मांडीवर बघितलं होतं, आवाजाशिवाय. आवाजासकट पहिल्यांदाच ऐकत होते.

बाहेर काका आले, पाण्याची त्यांची पाळी. त्यांनी बाबांना विचारलं, "भाऊ, मोटर का बंद?"

"थांब जरा. सूनबाईचा पेपर चालू आहे."

"मोटरचा आणि पेपरचा काय संबंध?"

"आहे. बस इथे."

काका बसले. मग काका का आले नाहीत म्हणून काकू आल्या. झालं, आता सगळ्यांना कळलं. मला वाटलं काकू आता काहीतरी बोलणार. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण आतून ती खटखट सलग येत होती, न थांबता, आणि त्या ऐकत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "एवढं जोरात? बघून का न बघता?"

"न बघता काकू."

"अगं बाई." आणि घरी जाऊन त्यांनी मुलांचे मोबाइल काढून घेतले, इंटरनेट हळू होऊ नये म्हणून. हे कुणी सांगितलंही नव्हतं त्यांना!

वेळ संपली, खटखट थांबली. निकाल लगेच येणार होता. पानावर ते गोल चाक फिरत होतं, फिरत होतं, वहिनीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. मग हिरव्या अक्षरांत आलं, पात्र. खाली लिहिलेलं, काम पुढच्या सोमवारपासून.

ती ओरडली नाही. उठली, अंगणात गेली, बाबांपुढे उभी राहिली. "झालं, मामा. पास झाले."

"काय, झाली का आमची ऑफिसवाली?" काकू म्हणाल्या, पण या वेळी त्यांचेच डोळे भरलेले.

"झाले काकू. ऑफिस घरातच आहे फक्त."

बाबा क्रेटवरून उठले. "म्हणजे हे आता रोज?"

"रोज, मामा. चार तास तरी."

बाबांनी काकांकडे बघितलं, मग विहिरीकडे, मग शेवंतीकडे. "तू लाइटचं वेळापत्रक बघ आणि तुझी वेळ सांग. त्याप्रमाणे आम्ही पाणी भरतो," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघून विचारलं, "आता करू चालू?"

वहिनीने मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं.