माझं धावणं, तिच्या नावावर

माझ्या मनगटावरचं घड्याळ तिनं काढून घेतलं आणि आधी पुसलं. पर्समधून सॅनिटायझरचा ओला कागद काढला. काच पुसली, पट्टा पुसला, पट्ट्याची आतली बाजू पुन्हा पुसली. मग स्वतःच्या हातात घातलं आणि तो कागद माझ्या हातात दिला. "जाताना टाकून दे गं."

मी घामानं निथळत होते. कल्याणच्या खडकपाड्याहून गंधारीचा पूल, तिथून पुढे रिंगरोड, आणि परत. एवढं धावून मी तिच्या बिल्डिंगखाली उभी. ती झोपेतून उठून, गाऊनवर ओढणी टाकून खाली आलेली. घाण कोण, तर मी. माझा घाम तिला नको होता. त्या घामाचे किलोमीटर मात्र चालत होते. ते तिनं रविवारी संध्याकाळी धावण्याच्या ग्रुपवर टाकले, स्वतःच्या नावानं. शंभरेक लोकांनी टाळ्या दिल्या.

ती म्हणजे डॉक्टर मॅडम. दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात मी असिस्टंट होते. ट्रे लावायचा, पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी धरायची, अवजारं धुवायची. तेव्हा मी तिला अहो मॅडम, जी मॅडम करायची. आता सांगताना 'ती' म्हणते. मुद्दाम म्हणते.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. मी आणि आई. मी शाळेत असल्यापासून धावते. कुणी शिकवलं नाही, पण शाळेत माझ्यापुढे कोणी नसायचं, मुलंसुद्धा. एकदा दवाखान्यात उशीर होईल म्हणून स्टेशनपासून पळत आले. मॅडमनं खिडकीतून बघितलं. विचारलं, दम नाही लागला तुला? मी म्हटलं, नाही. पुढच्याच रविवारी ती मला त्यांच्या रनिंग ग्रुपमध्ये घेऊन गेली. तिनं मला बूट घेऊन दिले. सगळ्यांसमोर दिले, फोटो काढून दिले. मी हसत होते त्या फोटोत. खोटं कशाला बोलू, मला खूप आनंद झालेला. असे बूट मी कधी पायात घातले नव्हते.

ग्रुपचा कॅप्टन बँकेतून रिटायर झालेला, शुद्ध बोलणारा. त्यानं पहिल्याच दिवशी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. म्हणाला, पूर्ण नाव? मी आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाला. मग मला धावताना बघून सगळ्यांना म्हणाला, "यांच्या लोकांना जन्मजातच काटकपणा असतो. कष्टाची सवय असते ना." लोकांनी माना डोलावल्या. त्याला वाटलं, त्यानं माझं कौतुक केलं. मीही तेव्हा तसंच समजून घेतलं. गिळायची सवय असली की सगळंच कौतुक वाटतं.

त्या ग्रुपची एक पद्धत होती. दर रविवारी संध्याकाळी प्रत्येकानं आपला आठवडा ग्रुपवर टाकायचा. किती धावलो, किती वेगानं, सगळं घड्याळातून फोनमध्ये येतं, त्याचा फोटो. कॅप्टन सगळ्यांचं बघायचा आणि एकाला 'आठवड्याचा तारा' म्हणायचा. आणि ज्याचा आठवडा रिकामा, त्यानं पुढच्या रविवारी गंधारीच्या पुलाशी उभं राहून धावणाऱ्यांना पाणी द्यायचं. त्यांच्यासाठी ती गंमत होती. एखाद्या वकिलाला पाणी धरावं लागलं की दिवसभर ग्रुपवर चेष्टा चालायची.

तर मॅडमचा पाय मुरगळला. मला म्हणाली, अगं माझा आठवडा रिकामा जाईल, तू माझं घड्याळ घालून एक दिवस धाव ना. मी धावले. दुसऱ्या दिवशी परत. पाय बरा झाला तरी घड्याळ माझ्याच हातात. सकाळी पाचला तिच्या वॉचमनकडून घ्यायचं, धावायचं, तिच्या हातात द्यायचं, मग घरी जाऊन आंघोळ करून दवाखान्यात यायचं. मी विचारलं, मॅडम, मी माझा फोनपण चालू ठेवू का, माझंही मोजलं जाईल. ती म्हणाली, वेडी आहेस का, दोघींचा रस्ता एक, वेळ एक, लगेच कळेल. फोन घरीच ठेव.

म्हणजे माझा आठवडा रिकामा.

मग काय. रविवारी मी पुलाशी उभी, हातात बाटल्या. रोज धावलेली मी. आणि मॅडम समोरून हळूहळू येतेय, गप्पा मारत. ती म्हणायची, आज माझा रिकव्हरी रन आहे, अंगाला आराम म्हणून हळू. कॅप्टन कौतुकानं म्हणायचा, बघा, वेग असूनही स्वतःला कसं आवरते. मी तिला पाणी द्यायची. ती माझ्याकडे बघायचीही नाही. एक रविवार, दुसरा रविवार, मग लोकांनी धरूनच चालायला सुरुवात केली की पाण्याला मी आहे. गंमत बाकीच्यांसाठी होती. माझी ड्युटी झाली.

एक दिवस दवाखान्यात तिनं मला आत बोलावलं. फोन पुढे धरला. चिडलेली. म्हणाली, एवढ्या जोरात कशाला धावतेस? लोक विचारतात, अचानक एवढी सुधारणा कशी. दर आठवड्याला थोडं थोडंच वाढव. मध्येच जरा चालत जा, मी जशी दमते तशी. "माझ्यासारखं धावायला शिक."

ऐका हं. मला धावता येत होतं म्हणून तिनं मला नेलं. आणि आता मी तिच्यासारखं न धावता येणं शिकायचं. मी शिकले. चढ आला की थांबायची. कमरेवर हात ठेवून उभी राहायची. दम लागलेला नसायचा, तरी उभी. रस्त्यावर कुणी नसायचं बघायला, कुत्री फक्त. तरी मी दमल्याचं नाटक करत उभी, मनगटावरच्या त्या काचेसाठी. स्वतःच्या पायांची मला शरम वाटायला लागली. पायांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी?

थंडीतला एक दिवस होता. पूल ओलांडला आणि चढाला मी थांबायचं विसरले. ठरवून नाही. अंगात काहीतरी तुंबलेलं होतं ते सुटलं. मी जोरात गेले. माझ्या वेगानं गेले. रडत होते, पण थांबले नाही. कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदा खरा दम लागला आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग आठवलं की घड्याळ हातात आहे.

वाटलं, आता ती मला खाणार. पण तिनं रविवारी संध्याकाळी ते न बघताच ग्रुपवर टाकून दिलं. कॅप्टन वेडा व्हायचा बाकी. त्यानं जाहीर केलं की ठाण्याच्या हाफ मॅरेथॉनला आपल्या डॉक्टर मॅडम दोन तासांच्या आत येणार, ग्रुपचा झेंडा त्यांच्या हातात. बॅनर छापला. तिचा फोटो, हात वर केलेला. आता ती अडकली. तिला तर चढावर बोलता बोलता धाप लागायची.

त्या शर्यतीत ग्रुपकडे एक मोफत प्रवेश होता, गरजू मेंबरसाठी. तो मला मिळणार होता. मला मिळणार होता म्हणजे कॅप्टननंच शब्द दिलेला. मी त्या शब्दावरच जगत होते. बाकी सगळं घ्या म्हटलं, पण त्या एका सकाळी माझ्या छातीवर माझं नाव असेल, माझा वेळ माझ्या नावापुढे लागेल. आईलाही सांगून ठेवलेलं. तिनं शेजारणीला सांगितलेलं.

रविवारी पुलाशी कॅप्टन सगळ्यांसमोर बोलला. म्हणाला, काही लोकांना बूट मिळतात, संधी मिळते, पण मेहनत नको असते. आठवड्यामागून आठवडे रिकामे. "नियम सर्वांना सारखा. हिचा प्रवेश आपण रद्द करतोय." माझ्या हातात बाटल्या होत्या. मॅडम तिथेच होती, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. मी तिच्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती. ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. बांधलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेशंट गेल्यावर तिनं हातमोजे काढले आणि ड्रॉवरमधून तिचा शर्यतीचा नंबर काढून ट्रेवर ठेवला. बिब म्हणतात त्याला. मागे चिप असते. चिप नंबर ओळखते, माणूस ओळखत नाही. ती म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं. आता तू मोकळीच आहेस. माझा नंबर लाव आणि धाव. टोपी घाल, गॉगल घाल, गर्दीत कोण बघतंय." वर म्हणाली, दोन तासांच्या आत ये. आता जोरात धावलीस तरी चालेल.

चालेल म्हणे.

मी ट्रे उचलला, अवजारं धुतली. तो नंबर पिशवीत घालून घरी नेला. आईनं विचारलं, हे काय, मिळाला का तुझा? मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. बूट, घड्याळ, पाणी, सगळं. आई लोकांची धुणीभांडी करते. ती ऐकत भाकरी थापत होती. मला वाटलं म्हणेल, नोकरी आहे, जाऊ दे. ती म्हणाली, "मी त्यांची भांडी घासते. पण कुणी घासली म्हणून इचारलं तर बाई माझंच नाव सांगती. तुझं कोण सांगतंय?"

मला त्या क्षणी कळलं. इतके महिने मी समजत होते, बूट दिलेत, कामावर ठेवलंय, थोडं चालवून घ्यावं. थोडं नव्हतं ते. लोक हात घेतात, पाठ घेतात, ते माहीत होतं आम्हाला, पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ही तर मी असल्याचीच खूण पुसून घेत होती. मी धावायचं आणि मी धावलेच नाही असं ठरायचं. वर आळशी म्हणून मलाच पाण्याला उभं करायचं. मला रात्रभर राग आला. राग असा की जेवण गेलं नाही.

सकाळी मी नंबर तिच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "मी धावणार नाही. तुमच्या नावानं आता एक पाऊलपण नाही."

आधी तिला कळलंच नाही. मग समजावलं. पगार वाढवते म्हणाली. मग खरं तोंड उघडलं. तुला रस्त्यावरून उचललं कुणी, बूट कुणाचे घालतेस, तुमच्या लोकांना जवळ केलं की हे असंच. कामावरून काढलं ते त्याच पाच मिनिटांत. सिनेमात असतं तर मी बूट काढून तिच्या टेबलावर आपटले असते. मी नाही काढले. बाहेर रस्त्याचं काम चाललेलं, खडी पडलेली. आणि ते बूट मी झिजवलेले, तिच्यासाठी धावून. माझे होते ते.

रविवारी मी पुलाशी गेले. बाटल्या उचलल्या नाहीत. कॅप्टनला, सगळ्यांना सांगितलं. कुठल्या महिन्यापासून कोण धावतंय, मी घड्याळ वॉचमनकडून कसं घ्यायची, चढाला का थांबायची. एकीनं म्हटलं, अगं, असेल काही गैरसमज, कशाला तमाशा. कॅप्टन म्हणाला, पुरावा काय? मी म्हटलं, "मॅडम इथेच आहेत. आत्ता माझ्याबरोबर त्या चढापर्यंत धावू द्या. बघा सगळ्यांनी."

कुणी धाव म्हटलं नाही तिला. एकानंही नाही. त्यांना खरं कळलं होतं, माझी खात्री आहे. कळलं म्हणूनच कुणी धावू दिलं नाही. मॅडम म्हणाली, मी असल्या माणसांच्या तोंडी लागत नाही. कॅप्टननं इडल्यांचा डबा उघडला आणि लोक तिकडे वळले. मी घरी पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढलेलं.

ठाण्याच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मॅडमचा गुडघा दुखावला म्हणे. ग्रुपमधल्या एका बाईनं मला शर्यतीचा फोटो पाठवला. गुडघ्याला पट्टा बांधून ती झेंडा दाखवत होती, लोक टाळ्या वाजवत होते. पुन्हा लवकर बऱ्या व्हा, असं कितीतरी जणांनी लिहिलेलं. ती हरली नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं शेवटी काहीतरी न्याय झाला असेल. नाही झाला. शर्यत मलाही मिळाली नाही. दोन महिने काम नव्हतं, आईनं अजून एक घर धरलं, तिचे हात सोडा-साबणानं सोलले.

आता मी शहाडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. पहाटे धावते. फोन बरोबर नेते. चढाला थांबत नाही.

मला तिची माफी नको. ते किलोमीटर परत नकोत, ते कुणी देऊही शकत नाही. पण मी गप्प बसणार नाही. जिथे धावायला जाईन तिथे सांगेन. कुणी विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तरी सांगेन, तिचं तोंड समोर असलं तर तिच्या तोंडावर सांगेन. आणि पुन्हा कुणी काही देऊ करत माझ्यापुढे आलं, तर आधी विचारेन, बदल्यात काय पाहिजे ते आत्ताच बोला. काम सांगा, करीन. हात लागले तर हात देईन, पाय लागले तर पाय देईन. नाव देणार नाही.