खोलगट बाग

गटारीत गाळ साचतो, तसे आमच्या खात्यात किस्से साचायचे. गाळ आम्ही दर वैशाखात काढायचो. किस्से काढा, असं कुठल्या साहेबानं सांगितलं नाही. म्हणून ते राहिले.

मी कोल्हापुरात नाल्यांच्या कामावर मुकादम होतो. नव्वदनंतरची गोष्ट. कळंब्याच्या बाजूला एक कॉलनी होती. वरच्या अंगाला मोकळी जागा, खालच्या टोकाला बापू शिंप्याचं घर. मोठा पाऊस झाला की रस्त्याचं सगळं पाणी बापूच्या घरात. तो शिलाई मशीन कॉटवर चढवायचा आणि शेजारी पाय वर घेऊन बसायचा.

"यंदा पाणी आलं की घर इकून शिरोळला जातो, मेव्हण्याकडं," बापू मला म्हणाला.

"शिरोळला? तिथं कृष्णामाई दारात येतीया की."

"येऊ दे. नदीचं तरी असतंय. हितं गटारीचं येतंय."

त्याच वर्षी नवे साहेब आले. त्यांनी मोकळ्या जागेत बाग आखली, पण खोलगट. रस्त्याचं पाणी आधी बागेत उतरेल, तिथंच जमिनीत जाईल, बापूपर्यंत पोचणारच नाही. मी जन्मभर खड्डे बुजवले. खड्डा पाडायचा हुकूम पहिल्यांदा मिळाला.

वॉर्डाच्या बैठकीत साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "या कामात पाणी मुरणार आहे."

लोक एकमेकांकडं बघून हसले. नगरसेवक हळूच त्यांच्या कानाशी गेले. "साहेब, आमालाबी ठावं हाय. पण असं चारचौघांत बोलत्यात व्हय?"

*

खोदाई सुरू झाली. चौकोनी खड्डा बघून शेजारच्या तालमीचे वस्ताद आले. मागं दोन पैलवान, डोक्यावर तांबड्या मातीच्या पाट्या. नारळही आणला होता.

"हौदा झ्याक हाय. कुस्त्या कधी लावताय?"

मी म्हणालो, "हितं कुस्ती पाण्याबरोबर हाय."

वस्तादांनी आभाळाकडं बघितलं. "मग जोड तगडी हाय," म्हणाले, आणि नारळ फोडूनच गेले.

*

पाणी आत यायला रस्त्याकडेच्या दगडांत फटी ठेवायच्या होत्या. आमचा गवंडी दत्तू, कामात सफाईदार. जेवून येऊन बघतो तर सगळ्या फटी सिमेंटनं बंद.

"दत्तू, हे काय?"

"मुकादम, माझ्या कामात फट? लोकं नावं ठेवतील."

फटी पुन्हा फोडल्या. फोडताना दत्तू तोंड फिरवून बसला.

*

वळवाचा पाऊस झाला, बागेत पाणी साठलं. लगेच एका गवळ्यानं म्हशी आणून बसवल्या. दोन दिवसांनी तो तणतणत साहेबांपुढं उभा.

"साहेब, तुमच्या टाकीचा तळ फुटलाय. पाणी टिकत न्हाय. म्हशी कोरड्या पडल्या. जरा सिमेंट मारून घ्या की."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी त्याला चहा पाजला. गवळ्याला वाटलं, सिमेंट मंजूर झालं.

*

आषाढात पावसानं झोडपून काढलं. सकाळी साहेब म्हणाले, "मुकादम, आधी बापूकडे." वाटेत बागेपाशी थांबले. बाग काठोकाठ भरली होती.

बापूचं दार उघडं. मशीन कॉटवर. शेजारी बापू, पाय वर. खाली फरशी कोरडी खडखडीत.

"बापू, उतर की आता."

तो उतरला नाही. एकदा फरशीकडं बघितलं, एकदा साहेबांकडं, मग मला जवळ बोलावलं.

"मुकादम, खरं सांगा," हळू आवाजात म्हणाला. "कुठंतरी पाणी मुरतंय."