सनमायकाखालची मावशी

सातवीत शाळा सुटली आणि भंडाऱ्याकडचं गाव सोडून मी सुतारकामाला धाराशिवला आलो. कानावर पेन्सिल कायमची. दुपारी जेवण झालं की प्लायच्या तुकड्यावर समोरचा रस्ता काढायचो. रिक्षातून पाय बाहेर टाकून झोपलेला ड्रायव्हर. दुसऱ्याच्या गाडीच्या आरशात बघून पदर सावरणारी बाई. माणूस हलायच्या आत चित्र उरकायचं.

कापड दुकानाच्या पायरीशी शेपू-कोथिंबीर विकणारी मावशी सगळ्यांत सोपी. पाय लांब करून बसली की हलायचीच नाही. मी नवीन असताना, ओळख ना पाळख, तिनंच अर्धी भाकरी पुढं केली होती. "खा रं. नव्या सुनंवानी तोंड झालंय तुझं." ती भाकरी अजून माझ्या अंगात आहे.

त्या दुकानाच्या फर्निचरचं काम आमच्या मिस्त्रींकडं आलं. मालक म्हणाला, "आता दारात हा पाला नको."

मावशी म्हणाली, "तुमच्या वडलांनी बसवलंय मला हितं. दुसरीकडं गिऱ्हाईक मला कुठं हुडकील?"

"वडील गेले. तुम्ही बी उठा." त्यानं पायानं टोपली सरकवली. जुड्या नालीत गेल्या. मी तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी मला गावाकडची गाडी धरावी लागली असती.

मालक रोज सकाळी गल्ल्याच्या टेबलावर कपाळ टेकवायचा. कुठं टेकवतो ते मी नीट बघून ठेवलं. नव्या टेबलाच्या प्लायवर मावशीला काढलं, टोपलीसकट, मागं सगळा रस्ता. तिच्या भेगाळलेल्या टाचा बरोबर त्या जागी आणल्या. तेवढ्यात मालक आत आला.

"काय रेघा मारल्यास?"

"मापं हायेत, मालक."

तो फोनवर बोलत पुढं गेला. आमच्या मिस्त्रींनी मात्र चित्र बघितलं होतं. वरून चिकटवायच्या सनमायकाची दुसरी बाजू त्यांनी स्वतः धरली आणि चित्रावर दाबून बसवली.

मावशी आता स्टँडच्या मागं बसते. तिथं कुणी फिरकत नाही. मालकाला मी माफ करणार नाही. सकाळी कामावर जाताना त्याच्या दुकानासमोर मुद्दाम थांबतो. तो चप्पल काढतो, उदबत्ती ओवाळतो आणि वाकतो.

मग स्टँडमागं जाऊन सांगतो, "मावशी, आजबी तुमच्या पाया पडला."

ती जुडी बांधत म्हणते, "पडू दे. आशीर्वाद देत न्हाय मी त्याला."