मी यायच्या आधी किती लागे?

आबा धुळ्याला आमच्याकडे राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला दुधाचं विचारलं. किती पिशव्या घेतेस? म्हटलं, तीन. त्यांनी मान हलवली, चहा संपवला, कप स्वतःच विसळून पालथा घातला आणि मग म्हणाले, "मी यायच्या आधी किती लागे?"

दोन, असं सांगून मी ऑफिसला पळाले. त्या प्रश्नात काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही. माझे वडील जन्माचे चौकस. बोअर पाडायला आलेल्या माणसाला थांबवून त्याच्या गाडीचं डिझेल तासाला किती जातं ते विचारणार, लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला गाठून वांग्याच्या भाजीत तेल किती पडलं ते विचारणार. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची. आता माझंही तसंच होत चाललंय, म्हणून लाज वाटत नाही.

आबांचं गाव भुसावळच्या पलीकडे, केळीच्या पट्ट्यात. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी एकुलती एक. शेत त्यांनी तीन वर्षांपूर्वी निम्म्या वाट्याने कसायला दिलं आणि घरात एकटेच राहायचे. यंदा दिवाळीनंतर मोरीत पाय घसरून पडले, बराच वेळ तिथेच बसून राहिले, आणि मला कळवलं नाही. कळवलं शेजारणीने, तेही चार दिवसांनी. मी गेले ती भांडायलाच गेले. पोरगी पुण्याला शिकायला, तिची खोली रिकामी, मग हा हट्ट कशासाठी? पण ते ऐकेनात. आमच्यात जुनी रीत अशी, की लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. माझी पोरगी एकोणीस वर्षांची झाली, ती रीत कधीच फिटली, पण आबांच्या मनातून काही निघालेली नव्हती. दोन दिवसांच्या वर ते कधी राहिले नाहीत.

शेवटी तडजोड झाली. महिनाभर राहून बघतो, म्हणाले, नाही जमलं तर परत जाईन आणि मग तू आडवी यायचं नाही. पंच्याहत्तरी उलटल्यापासून एसटीत त्यांना तिकीट पडत नाही, त्यामुळे परत जायला त्यांना माझी काही गरजही नव्हती. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, महिन्यात रुळतील.

आठवडाभराने माझ्या लक्षात आलं, की दुधाच्या पिशव्या परत दोनच येताहेत. दूधवाल्याला आबांनीच परस्पर सांगितलं होतं. स्वतः ते बिनदुधाचा चहा पीत होते, लिंबू पिळून. दुधाने पोटात वायू धरतो, म्हणाले. ज्यांच्या दारात चाळीस वर्षं म्हैस होती, त्यांना आता वायू धरतो. आता बोला.

मग गॅसचा नंबर लागला. सिलिंडर किती दिवस जातं? म्हटलं, महिना, फार तर पाच दिवस वर. मी यायच्या आधी? तेवढंच, आबा, तुम्हाला येऊन दहा दिवस तर झालेत. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ओट्यावर कुकर नाही. शोधते तर आबांच्या खोलीत खोका, खोक्यात गोधडी आणि गोधडीत कुकर. सकाळपासून भिजवलेली तूरडाळ, एक शिट्टी, की गॅस बंद करून गुंडाळून ठेवायचं, बस. मला हसू आवरेना. आमचे हे कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला, त्यांना मोठी उत्सुकता. बाळंतिणीच्या खोलीत बाळ बघायला जावं तसं त्यांनी गोधडीचं टोक हळूच वर केलं. डाळ लोण्यासारखी शिजली होती आणि कुकरला अजून हात लावता येत नव्हता.

त्या दिवसापासून हे आबांचे चेलेच झाले. दोघांनी मिळून गच्चीवर पत्र्याचे दोन डबे बाहेरून काळे रंगवले आणि त्यात आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं. आपल्याकडचं ऊन पौषातही काही कमी नसतं. दुपारी बारा वाजता आबांना कढत पाणी मिळायचं, गीझरला त्यांनी हात लावला नाही. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्याने फरशी पुसायची. कोथिंबिरीच्या मुळ्या कुंडीत खोचायच्या. बाजार उठायच्या वेळेला जाऊन भाजी आणायची, तेव्हा शेतकऱ्याला घरी जायची घाई असते. एका रविवारी त्यांनी मटार सोलल्यावर सालंही फेकू दिली नाहीत. प्रत्येक सालाच्या आतला पातळ पापुद्रा काढत दोन तास बसले आणि त्याची तिखट घालून भाजी केली. मी नाक मुरडून घास घेतला आणि दोनदा वाढून घेतली. काय सांगू, खोटं बोलून कुठे जाणार?

ऑफिसात मी हे सगळं रंगवून सांगायची. गोधडीतला कुकर तर आमच्या विभागात इतका गाजला, की दोघीतिघींनी करूनही पाहिला. मला अभिमान वाटायचा. असे वडील कुणाचे आहेत? मात्र एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. प्रत्येक बाबतीत त्यांचा तोच एक प्रश्न. साबण किती लागे, साखर किती लागे, विजेचं बिल किती येई, सगळं मी यायच्या आधी. पुढे किती वाचेल, ते कधीच विचारत नसत. बचत करणाऱ्या माणसाने पुढचं बघावं ना? आबा मागे काय बघतात? ह्यांना विचारलं तर म्हणाले, प्रयोगात आधीचं माप घ्यावंच लागतं, त्यांचं बरोबर आहे. प्रयोगशाळेतला माणूस दुसरं काय बोलणार?

दुसरी गोष्ट केळ्यांची. आबा आयुष्यभर संध्याकाळी दोन केळी खात आले. आई असताना तीच सोलून द्यायची. इथे आल्यापासून त्यांनी केळ्याचं नाव काढलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, सुटली सवय. मला वाटलं, विकतचं केळं त्यांच्या घशाखाली उतरत नसणार. आमच्या गावात केळी विकत घेणं म्हणजे शोभाच. बाग कुणाची का असेना, घरात फणी येतेच. मीही लग्नानंतर वीस वर्षं धुळ्यात राहून केळी विकत घेतली नव्हती. आबाच पाठवायचे, पोत्यात पेंढा घालून, ओळखीच्या कंडक्टरबरोबर. शेत वाट्याने दिल्यावर ते बंद झालं आणि आम्ही केळी खाणंच सोडून दिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिना भरायला पाच दिवस राहिले. आबांचा चेहरा उतरलेला दिसत होता, पट्टा एक भोक आत गेला होता. मला घोर लागला. कोपऱ्यावर एक केळीवाला हातगाडी लावतो, त्याच्याकडून मी डझनभर केळी घेतली, पिशवीवर थोडा पेंढा पसरला (तो शेजारच्या किराणावाल्याकडून मागून आणला होता, इतकी मी हुशार) आणि घरी येऊन सांगितलं, की आपल्या वाटेकऱ्याने बसमधून केळी पाठवलीत, आपल्या बागेची.

आबा खुश झालेत असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी फणी हातात घेतली, फिरवली, दांडा बघितला, वास घेतला. मग फणी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "आपला बाग मृगातला आहे, बाई. अजून निसवला पण नाही."

मी कपाळाला हात लावला. मृगात लावलेल्या बागेला पौषात घड कुठून येणार? झाडातून अजून फूलही बाहेर पडलेलं नसतं, त्यालाच निसवणं म्हणतात, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. मी केळीच्या बागेत वाढलेली बाई, माझ्या ते डोक्यातच आलं नाही. वर आबांनी दांडा दाखवला, साल पिवळीधमक आणि दांडा हिरवागार. पिकवायच्या थंड खोलीतून आलेली आहेत, म्हणाले. रागावले नव्हते. उलट पेंढा कुठून आणलास, असं विचारत होते.

माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. पकडली गेल्याची लाज होतीच, त्यात महिनाभराची धास्ती. मी म्हटलं, विकतची आहेत, मग काय झालं? एवढा कसला ताठा? पोटाला मारून ताठा मिरवायचा? आणि बरंच काही बोलले. आमचे हे स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि परत आत गेले.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी यायच्या आधी तुह्या घरात केयी विकत येत होती का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिसरी पिशवी बंद झाली ती वायूमुळे नव्हे. सिलिंडर, गीझर, साबण, मटाराची सालं, सगळ्याचं एकच माप होतं. ते यायच्या आधी माझ्या घराला जेवढं लागायचं, त्याच्यावर एक थेंब, एक काडी जाऊ द्यायची नाही. जे वाढेल ते दुसरीकडे वाचवून भरून काढायचं, आणि भरून निघणार नाही ते खायचं नाही. रोजच्या औषधाच्या गोळ्या तर ते स्वतःच्या पैशाने आणतच होते. माझे वडील माझ्या घरात महिनाभर असे राहिले होते, की जणू आलेच नाहीत. आणि मी ऑफिसात गोधडीच्या गमती सांगत होते! मला इतकं वाईट वाटलं, इतका राग आला, की कुणाचा ते मलाच कळेना.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आबा, आता मी विचारते, तुम्ही सांगा. मी जन्मायच्या आधी तुमच्या घरात दूध किती लागे?

खरं तर मी टोमणा मारला होता. पण आबांना प्रश्न विचारला की ते टोमणाबिमणा बघत नाहीत, उत्तर शोधायला लागतात. डोळे बारीक करून ते आठवत राहिले. पावशेर, म्हणाले, तेही विकत, चहापुरतं. आणि मी झाल्यावर?

"तू झाली तवा म्हैस घेतली."

"परवडत होती?"

"नव्हती."

"मग का घेतलीत?"

"आता लेकरू होतं घरात," आबा म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. केळी टेबलावर तशीच राहिली, त्या संध्याकाळी त्यांनी खाल्ली नाहीत. मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी केळ्यांकडे बघितलं नाही. पुढचे दोन दिवसही. ह्यांनी केळी डब्यात नेली, उरलेली काळी पडायला लागली म्हणून मी त्यांचं शिकरण करून संपवलं. आबांनी वाटीला हात लावला नाही. मी मनातून हरले होते. रविवारी महिना भरणार होता.

शनिवारी मला अर्धा दिवस ऑफिस होतं. घरी आले तर दाराला कुलूप. समोरच्या बाई म्हणाल्या, तुमचे वडील मघाशी पिशवी घेऊन गेले. ह्यांना फोन लावला, ते कॉलेजात, त्यांना काही माहीत नाही. कुलूप उघडून खोली बघण्याचंही मला सुचलं नाही. तशीच जिना उतरून बसस्टँडच्या रस्त्याला लागले. रिक्षा करावी म्हणून कोपऱ्यावर आले तर हातगाडीपाशी आबा उभे.

हातात कापडी पिशवी आणि तोंडाचा पट्टा चालू. केळीवाल्याला ते सांगत होते, की फण्या अशा एकावर एक रचू नयेत, देठाला दोरी बांधून टांगाव्यात, खालचा माल दबून काळा पडतो आणि तुझं नुकसान होतं. तो बिचारा हो आबा, हो आबा करत होता. मी धापा टाकत जवळ गेले.

आबांनी पिशवी माझ्यापुढे उघडून दाखवली. आत सहा केळी होती.

"याले तीस रुपये दे," ते म्हणाले.

त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात पैसे होते. तो खिसा नेहमी फुगलेला असतो, आताही मला दिसत होता. माझ्या शेहेचाळीस वर्षांत आबांनी माझ्याकडे एक रुपयासुद्धा कधी मागितला नव्हता. मी पर्स उघडली, सुटे मोजत बसले नाही. शंभराची नोट केळीवाल्याला दिली. तो सत्तर परत करायला लागला तेव्हा आबा म्हणाले, राहू दे तुझ्याजवळ, दर दोन दिवसांनी येईन मी.